प्रार्थनेतली अडलेली ओळ

भाऊ गेला त्या दिवसापासून मी प्रार्थना सोडली होती. गेवराईहून मोटारसायकलवर येताना त्याला अपघात झाला. त्याला माती देऊन आम्ही घरी आलो. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. आईने रोजच्यासारखे हात जोडले आणि अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. मी ताटावरून उठले. "आभार कशाचे मानतेस?" मी विचारलं. तिने माझं ताट झाकून ठेवलं. पुढे तीन वर्षं ती दर रविवारी एकटीच बीडच्या चर्चला गेली.

आम्ही लहान असताना उमापुरात वडील कंपाउंडर होते. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. चर्च नव्हतं, पाळकसाहेब कधीमधी यायचे. बाकी सगळं आईच होती. दिवेलागणीला ती आम्हा दोघा भावंडांना चटईवर बसवून स्वतः जुळवलेली प्रार्थना म्हणून घ्यायची: 'प्रभो, दिवस तू दिलास, भाकर तू दिलीस, जे दिलंस ते तुझं, जे नेलंस तेही तुझंच.' गल्लीत कुणी आजारी असलं तर त्याचंही नाव घ्यायला लावायची. जग देवाच्या हातात आहे, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. ते त्या चटईवर अंगात मुरलं. म्हणूनच राग आला तेव्हा तो देवावरच आला.

गेल्या हिवाळ्यात बीडला, माझ्याकडे असताना आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आम्हा पोरांना प्रार्थना शिकवणारी माझी आई दवाखान्यात नुसतं "त... त..." करायची आणि रडायची. वाचा परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर तलवाड्याकडचा एक शेळ्या-मेंढ्या राखणारा माणूस होता. त्याची कारभारीण सोनाबाई दिवसभर त्याचे पाय चोळत बसायची. एका दुपारी आईच्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघत ती मला म्हणाली, "बाई, तुमच्यात माणूस बिमार पडल्यावर देवाला काय म्हणतात वो?"

"प्रार्थना करतात."

"मंग म्हणा की. कावून गप बसल्या? माझ्या मालकाचं बी नाव घ्या."

तिचं मन मोडवेना, म्हणून मी डोळे मिटून आईचं आणि तिच्या मालकाचं नाव घेतलं. ओठांवर आईचीच प्रार्थना आली. 'जे दिलंस ते तुझं' इथपर्यंत म्हणाले आणि अडले. पुढची ओळ मला येत होती. पण भाऊ डोळ्यांपुढे उभा होता आणि ती म्हणवेना.

"जे नेलंस... तेही... तुझंच."

आवाज आईच्या खाटेवरून आला होता. जड, तुटक, पण शब्द स्वच्छ होते. मी आईचा हात धरून ढसाढसा रडले. सोनाबाई म्हणाली, "बोलली की वो माय!"

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं पाठ असलेलं असं कधीकधी आधी परत येतं. असेल. मी वाद घालत नाही.

दोन दिवसांनी सोनाबाईचा नवरा गेला. गाडीत बसण्याआधी ती आईजवळ आली, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुमी बोलत्या झाल्या, लई बरं झालं." स्वतःचं सगळं गेलेलं असताना तिने हे म्हटलं.

नाव मी दोघांचंही घेतलं होतं. माझी आई राहिली, तिचा माणूस गेला. हे असं का, मला कळत नाही. पूर्वी अशाच प्रश्नावरून मी देवाशी बोलणं सोडलं होतं. आता तो प्रश्न त्याच्याचपुढे ठेवते आणि उत्तरासाठी अडून बसत नाही. आई आजही मोजकेच शब्द बोलते. त्या दुपारी विश्वास माझा नव्हता; आईने पेरलेला होता, आणि तो माझ्याकडे मागणारी सोनाबाई वेगळ्या देवाला मानणारी होती. एवढं देणाऱ्यापुढे मी हात जोडते. बाकीचं त्याच्यावर सोडायला अजून शिकतेच आहे.