बाईंची बॅटरीची गाडी

"आधी बघू, मग घाबरू," असं म्हणून बाई चष्मा काढायच्या, पदराला पुसायच्या आणि पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या. एकदा वर्गात साप निघाला म्हणून आम्ही सगळी पोरं बाकांवर चढलो होतो. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं, तर तो कुणाच्या तरी दप्तराचा तुटलेला पट्टा होता.

तुमच्याही शाळेत अशा एखाद्या बाई असतील. आमच्या बाईंचा डावा पाय पोलिओनं लहानपणीच लुळा पडलेला. लग्न झालं नाही. ओतूरला थोरल्या भावाकडं राहायच्या. हे दादा आपलं किराणा दुकान उघडण्याआधी त्यांना स्कूटरवरून शाळेत सोडायचे आणि शाळा सुटायच्या आधी फाटकाशी हजर व्हायचे. पावसात, लग्नसराईत, अंगात ताप असला तरी.

निवृत्त झाल्यावर बाईंनी पुण्याहून एक जुनी, इवलीशी, चार चाकांची बॅटरीची गाडी टेम्पोत घालून आणली. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. तशी गाडी गावात कुणी पाहिलेली नव्हती. धूर नाही, आवाज नाही आणि मुख्य म्हणजे क्लच नाही. सगळं काम एकट्या उजव्या पायाचं.

"या वयात कुठं जायचंय तुला?" दादा म्हणाले. "मी हाय की न्यायला!"

"तू आहेसच रे," एवढंच बाई म्हणाल्या.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. पडवीतल्या प्लगला गाडी लावली आणि थोड्या वेळानं जळका वास सुटला. प्लग वितळून काळा पडला होता. दादांनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

"घर जाळशील! लई झालं आता. परत पाठव ती गाडी."

एसटी स्टँडजवळ माझं वायरिंगचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो काळा प्लग माझ्यासमोर ठेवला. "काय चुकलं ते सांग. चौथीतल्या पोराला कळेल असं सांग."

मी सांगितलं. घरातली वायर दिव्या-पंख्यांपुरती, गाडी तासन्‌तास करंट ओढणार. त्यात संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. थ्री फेज कनेक्शन घेतलं तर एक फेज पडल्यावर दुसऱ्यावर टाकता येईल. मीटरपासून वेगळी जाड केबल ओढू, अर्थिंग नवं करू.

वीज कचेरीत साहेबांनी विचारलं, "थ्री फेज? घरी गिरणी टाकताय का बाई?"

"नाही. मला फिरायला जायचंय."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. मग साहेबांनीही हसणं आवरतं घेतलं.

कनेक्शन मिळालं. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घेतला तेव्हा बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या, परीक्षेला सुपरवायझर बसतात तशा. खड्ड्यात कोळसा कशाला, मीठ कशाला, सगळं विचारून घेतलं. दादा मात्र बाहेर फिरकले नाहीत. आतूनच आवाज यायचा, "अजून किती खणणार हाईत?"

काम पुरं झालं. गाडी लावली. व्होल्टेज दाखवणारा काटा जरासुद्धा खाली येईना. तेव्हा दादा बाहेर आले, केबलवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. पोराचा ताप बघावा तसे.

"गार हाय," म्हणाले आणि आत गेले.

बाई हळूच म्हणाल्या, "त्याला वाटतंय, आता तो मला नकोसा झालाय. सगळा जन्म माझ्या शाळेच्या घंटेवर काढला त्यानं. पिंपळगाव जोग्याचं धरण झालं, अख्खं गाव बघून आलं, हा गेला नाही. मला न्यायचंय रे त्याला."

दादा लवकर बधले नाहीत. बाई एकट्याच बाजारात, बँकेत जाऊन यायच्या. मग एका रविवारी त्यांची गाडी माझ्या दुकानावरून गेली. शेजारी इस्त्रीच्या शर्टात दादा, दोन्ही हातांनी समोरची कड धरून.

"हळू! बैल हाय फुडं!"

"दिसतोय मला," बाई म्हणाल्या, आणि गाडी धरणाच्या रस्त्याला लागली.

पुढं काही वर्षांनी थोड्याशा आजारानं बाई गेल्या. त्याआधीच बॅटऱ्या संपून गाडी बंद पडली होती. मी भेटायला गेलो तेव्हा दादा पडवीत बसले होते. मी शेजारी टेकलो. मग दादाच म्हणाले,

"धरणावरनं येताना मला झोप लागली व्हती. रस्त्यावर मी कधी डोळा मिटला न्हवता बघ. स्कूटरवर मागं ती बसलेली असायची ना. जागा झालो तर गाडी अंगणात उभी. ती तशीच बसून व्हती, स्टेअरिंगवर हात ठिवून. मला उठवलं न्हाई."