डॉल्फिनची हाडं

"तू घे हे काम. तुमच्या लोकांना सवय असते."

सर ओरडून बोलले नाहीत. चहा सांगावा तितक्या सहज बोलले. पालिकेच्या बागेच्या मागं पत्र्याची शेड होती, तिच्यासमोर आम्ही पाच विद्यार्थी उभे होतो. मे महिन्याचं ऊन. समोर पोती. पोत्यांत एका डॉल्फिनचा सांगाडा, कोकणातून ट्रकनं आलेला. मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला, कोळ्यांनी तो वाळूत पुरला. मांस पुरतं झडून जायच्या आतच कुणीतरी घाई करून तो उकरला होता. हाडांना मांस चिकटलेलं. माशा घोंघावत होत्या. वास तर असा, की डोळ्यांतून पाणी यावं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. सगळ्यांनी ते वाक्य बरोबर असल्यासारखं ऐकून घेतलं. माझ्या शेजारी रेवती उभी होती. तिनं नाकाला रुमाल लावला, माझ्याकडं बघितलं आणि श्वास सोडला. आपण सुटलो, असा तो श्वास.

"मांस काढ, सोडा टाकून उकळ, घासून घे," सर म्हणाले. "स्वच्छ झाली की रेवती नावं लिहील. बाकीचे जोडतील."

आणि खरं सांगायचं तर मला ते काम हवं होतं. पोती उतरवली तेव्हा मीच सगळ्यांच्या पुढं होते. डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या परांत, आत, माणसासारखी बोटांची हाडं असतात, हे मी वाचलं होतं. मला ती बोटं बघायची होती. ओळीनं मांडायची होती. सरांनी "कोण करतंय?" असं विचारलं असतं तर पहिला हात माझा वर गेला असता. त्यांनी मला विचारलंच नाही. माझ्या जातीला काम सांगितलं.

हे सगळं तेव्हाच्या औरंगाबादमधलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून शहराच्या भिंती रंगल्या होत्या. चिकलठाण्याला कारखाने वाढत होते, वाळूजकडं नव्यानं जमिनी मोजल्या जात होत्या. शहर मोठं होत होतं आणि पालिकेला वाटलं, मोठ्या शहरात असतं ते सगळं आपल्याकडं पाहिजे. समुद्र नाही, तर बागेत समुद्राचं दालन तरी. प्राणिशास्त्राच्या आम्हा विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं त्या कामाला घेतलं. आमचेच सर कामाचे प्रमुख. बरण्यांत खेकडे, तारामासे, शंख भरायचे. मराठीत माहिती लिहायची. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कोण कुठं राहतं, कशावर जगतं, त्याची चित्रं काढायची. आणि सुट्टीच्या शेवटी आमच्यातल्या दोघांना कोकणातल्या एका नगरपालिकेबरोबर किनाऱ्याची पाहणी करायला पाठवणार होते. ओहोटीला खडकांत उतरायचं आणि जे जिवंत दिसेल ते टिपायचं.

त्या एका गोष्टीसाठी मी झुरत होते. समुद्र मी बघितला नव्हता. माझा खेकडा ओढ्यातला, पाचोडकडच्या आमच्या गावचा. तरी किनाऱ्याच्या खडकांची चित्रं मीच काढली, पुस्तकं वाचून वाचून. ती भिंतीवर लागली. रेवतीनं बघितली आणि म्हणाली, "अगं, किती छान! आमच्या मावशीच्या घरामागं आहे ना, अगदी तस्सं."

तिच्या मावशीचं घर समुद्रावर होतं. दर सुट्टीत ती तिथं जायची. इतकी जायची की कंटाळली होती. "समुद्र काय गं, नुसती चिकचिक. केसांची वाट लागते." मी हसले, पण माझ्या पोटात दुखलं. म्हणण्यापुरतं नाही, खरंच दुखलं.

मी तिचा हेवा करायचे. लपवत नाही. तिच्या लुनाचा. समर्थनगरच्या घरातल्या तिच्या टेबलाचा, ज्यावर दुसऱ्या कुणाचं काहीच नसायचं. तिच्या वडिलांचा, जे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि ज्यांच्यासमोर सरही उभे राहून बोलायचे. सगळ्यांत जास्त हेवा तिच्या चुकांचा. बरणीवर चुकीचं नाव लिहायची आणि "अय्या!" म्हणून हसायची, सगळे हसायचे. मी एकदाच चुकले, तर मागून आवाज आला, "राखीव जागेवरचे असेच." बरं, ती वाईटही नव्हती. डबा उघडला की "घे ना" म्हणून माझ्यासमोर धरायची. माझ्या डब्याला मात्र तिनं कधी हात लावला नाही. सरळ वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

कोकणात रेवती जाणार, हे आधीच ठरलं. "मावशी आहे तिची तिथं, सोय होईल," सर म्हणाले. राहिली एक जागा. रेवती मला म्हणाली, "तुझा नंबर नाही लागला तर मी तुझ्यासाठी बाटलीतून समुद्राचं पाणी आणीन हं." ते पाणी मनातल्या मनात मी तिच्या डोक्यावर कितीदा ओतलं, माझं मला ठाऊक.

तर त्या दिवशी शेडसमोरून बाकीचे पांगल्यावर मी सरांना गाठलं.

"सर, सगळे मिळून करू ना. लवकर होईल."

"त्यांना जमणार नाही. काहींच्या घरी चालतही नाही."

"परीक्षेत बेडूक चालतो, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे बघ. कोकणातली दुसरी जागा कुणाला द्यायची, ते हाडं साफ झाली की ठरवू. लक्षात आलं ना?"

आलं.

संध्याकाळी घरी दादांना सगळं सांगितलं. दादा म्हणजे माझे वडील. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते माल चढवायचे-उतरवायचे. गावात होतो तेव्हा मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्या घराकडं होतं, पिढ्यान्‌पिढ्या. एक दिवस दादांनी पाटलाच्या दारात उभं राहून सांगितलं, आता ओढणार नाय. गावानं ते मनात ठेवलं. पुढं नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या, तेव्हा गावात पहिलं घर आमचं जळालं. म्हणून आम्ही शहरात आलो. मला वाटलं, दादा आता भडकतील.

दादा म्हणाले, "कर."

"तुम्ही म्हणताय हे, दादा?"

"हाडंच हायेत ना? हात धुतले की झालं. मी नाय म्हणलो अन् घर गेलं. तू नाय म्हणून दर्या घालवू नको, पोरी. लई शिकलीस. जा, बघून ये."

मला त्यांचा राग आला. आणि त्या रागाहून मोठा रेवतीचा हेवा वाटला. तिच्या बापाला आपल्या लेकीला असं काही सांगायची पाळी कधीच येणार नव्हती.

माय भाकरी थापत होती. ती एवढंच म्हणाली, "जनावर मेलं की त्येंला आमची आठवण यायची. लग्नाकार्याला कव्हा आली नाय."

दुसऱ्या दिवशी मी गेले. करायलाच गेले. मला समुद्र पाहिजे होता. तोंडाला ओढणी बांधली, सुरी घेतली आणि पाठीच्या मणक्यांना हात घातला. हाडाला ओरखडा न पाडता, कडेकडेनं मांस सोडवत गेले. जरा वेळानं वास जाणवेनासा झाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायला लागलं होतं. एक एक मणका मोकळा होत होता आणि तो पुस्तकातल्यासारखाच होता. मी स्वतःशी नावं घेत होते.

तेवढ्यात सर पालिकेच्या एका अधिकाऱ्याला घेऊन आले. मागं रेवती आणि बाकीचे. लांबच थांबले. सर कौतुकानं म्हणाले, "हात बघा कसा चालतो हिचा. शिकवून येत नाही हे. रक्तातच असावं लागतं."

अधिकारी म्हणाला, "वा!"

माझा हात थांबला.

शिकवून येत नाही? हा हात मला त्यांनीच शिकवला होता. पहिल्या वर्षी, बेडकावर. सुरी कशी धरायची, कातडी कुठून उचलायची, नस कशी वाचवायची. माझे बेडूक फाटायचे. कॉलेज सुटल्यावर मी थांबायचे, पुन्हा करायचे. किती वेळा स्वतःचं बोट कापून घेतलं. ओढणीत बोट गुंडाळून घरी यायचे, मायला सांगायचे, भाजी चिरताना लागलं. दादांनी ढोरं ओढली ती दोरीनं. मणका कसा मोकळा करतात, हे आमच्या घरात माझ्याआधी कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. ते मी मिळवलं होतं. माझी तेवढीच कमाई होती आणि सरांनी एका वाक्यात ती माझ्याकडून काढून माझ्या जातीच्या पदरात टाकली. शिव्या मी ऐकल्या होत्या, त्यांची मला सवय होती. हे कौतुक होतं. ते शिवीपेक्षा खोल गेलं.

मी सुरी पोत्यावर ठेवली.

"सर, हे रक्तात नसतं. हे तुम्ही शिकवलंत. मी आणि रेवती एकाच टेबलावर शिकलो. तिला द्या सुरी."

रेवतीचा रुमाल खाली आला. "मी कशी गं..." ती म्हणाली.

"जशी मी."

अधिकारी दुसरीकडं बघायला लागला. सर माझ्याजवळ आले, आवाज खाली आणला. "कोकणात जायचंय ना तुला?"

"जायचंय."

"मग उचल सुरी."

"नाही."

एवढाच शब्द. समुद्र गेला, हे तिथल्या तिथं कळलं. दादांना काय तोंड दाखवू, हेही मनात आलं. सुरी मात्र उचलली नाही. नळावर जाऊन हात धुतले आणि चालत घरी आले.

दादा रागावले नाहीत. भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "माझ्यावरच गेलीस." कौतुकानं म्हणाले की दुःखानं, मला कळलं नाही.

काही दिवसांनी माझे रंग आणि ब्रश आणायला मी बागेत गेले. शेडमध्ये चूल पेटली होती, वर मोठं पातेलं. पालिकेची एक झाडूवाली बाई बसून हाडं घासत होती. सोड्यानं तिच्या हातांची सालं निघाली होती.

"मावशी, हे तुमचं काम नाही," मी म्हणाले. "तुमची नोकरी रस्ता झाडायची."

तिनं वर न बघता सांगितलं, "ती कालेजातली पोरगी नाय म्हणली म्हून आमच्याकडं आलं. तिला नाय म्हणता येतं, बाई. मला कसं येईल?"

"ती पोरगी मीच."

आता तिनं मान वर केली. मला वाटलं, शिवी देईल. तिनं नीट बघितलं माझ्याकडं. "चांगलं केलं," म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

त्या 'चांगलं केलं'चा मला चटका बसला. माझं नाही म्हणणं माझ्यापुरतं होतं. काम कुठंच गेलं नव्हतं. आमच्यातल्याच जिला नाही म्हणायची सोय नव्हती, तिच्या पुढ्यात जाऊन पडलं होतं.

त्याच आठवड्यात मी नामांतराच्या मोर्चाला गेले. तोवर जात नव्हते. सरांनी बघितलं तर कोकण जाईल, ही भीती. आता जायचं काय राहिलं होतं? क्रांती चौकात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या.

रेवती कोकणात गेली. तिच्यासोबत वर्गातला एक मुलगा गेला, ज्याला शंख कुठला आणि शिंपला कुठला हे सांगता येत नव्हतं. कॉलेज उघडलं तेव्हा ती उन्हानं रापून आली होती. सरांनी तिला फळ्याजवळ उभं केलं. अमावास्येच्या ओहोटीला खडक किती लांबवर उघडे पडतात, डबक्यातल्या समुद्रफूल नावाच्या प्राण्याला बोट लावलं की ते कसं मिटतं, हे ती सांगत होती. या वेळी तिला कंटाळा आला नव्हता. तिचा चेहरा उजळला होता. त्या खडकांवर मी उभी राहायला पाहिजे होते. बाटलीतलं पाणी आणायला ती विसरली. एका अर्थी बरंच झालं. सगळा तास मी पहिल्या बाकावर बसून ऐकला, एक शब्द सोडला नाही, आणि जळत राहिले.

त्या तासालाच मी ठरवलं. हेवा करू नये, असं लोक सांगतात. ज्यांचं ताट भरलेलं असतं तेच जास्त सांगतात. मी माझा हेवा टाकणार नाही. काय माझं होतं आणि ते कुणाच्या हातात गेलं, हे तो मला विसरू देत नाही. समुद्र मी बघणार. कुणाच्या मावशीच्या ओळखीनं नाही, कुणाची घाण उपसून नाही. पुढच्या उन्हाळ्यात जागा निघाल्या की पहिली मी उभी असेन. एक दिवस टेबल माझं असेल, शिकवणारी मी असेन. तेव्हा मेलेलं जे काही आत येईल, त्याला पहिला हात नाकाला रुमाल लावणाऱ्यांचा लागेल. दुसरा माझा. आणि कुणी झाडूवालीला हाक मारायला निघालंच, तर त्याला आधी मला ओलांडून जावं लागेल.