फुटाला दोन सूत

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी फोनवर तिला सगळं सांगतो — काय जेवलो, कुठं काम लागलं, वर्ध्यात ऊन किती. सांगतोच. एवढं सोडून. बरोबरच्या कारागिरांपाशी बोललो नाही. देवापुढं तर याच गोष्टीसाठी हात जोडून उभा राहिलो, आणि तिथंही बोललो नाही. ते येईल पुढं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला हात उचलतोय.

मी सुतार. गाव आटपाडीकडं, इथून एक रात्र आणि वर अर्धा दिवस. नववीत शाळा सोडली. अपूर्णांक आले की शाळा बुडवायचो — आजही कुणी हिशेब तोंडी विचारला की विषय बदलतो. एका ठेकेदाराबरोबर हॉस्टेलच्या खाटा करायला वर्ध्याला आलो. खाटा झाल्या, ठेकेदार गेला, मी राहिलो. राहिलो कसा, ते आधी ऐका. म्हणजे मी हे कुणाशी केलं ते कळेल.

बोरगाव मेघेत एका घरी कपाटाची बिजागरी बसवायला गेलो होतो, अंगात ताप घेऊन. तिथंच चक्कर येऊन पडलो. टायफॉइड निघाला. त्या घरच्या काकूंनी मला मागच्या खोलीत झोपवलं, मुगाचं पाणी पाजलं, मी ओकलो ते स्वतःच्या हातानं पुसलं. बरा झाल्यावर जायला निघालो तर काका म्हणाले, "कुठं जातं बे? खोली काय तुले चावून राह्यली?" त्यांचा मुलगा बेंगळुरूला. मी त्या खोलीत जो राहिलो तो अजून तिथंच आहे. त्यांच्या ताटात जेवतो. लिहितानाही किळस येतेय, पण खरं आहे ते — आजही दुपारी तिथंच जेवलो.

काका रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. आमल्याला असताना घाटातून कोळशाच्या गाड्या काढलेल्या. दुसरे ड्रायव्हर स्टेशनांची नावं सांगतात, काका चढ सांगायचे. कुठं सुरू होतो, कुठं नरम पडतो, कुठं पावसात रूळ निसरडा होतो. "गाडी थांबवाले काय लागते? चढावर थांबली का परत उचलणं — तिथं माणूस समजते," असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना छोटी रेल्वे पाठवली. वीतभर लांबीचे डबे, बोटाएवढ्या रुंदीचा रूळ, विजेवर पळणारं इंजिन. काकांना ती नुसती गोल फिरवायची नव्हती. त्यांना चढ हवा होता. गाडी भिंतीकडेनं हळूहळू वर जावी आणि पुलावरून खालच्या रुळाला ओलांडावी.

वरच्या खोलीत मी भिंतीलगत कमरेएवढा लाकडी सांगाडा उभा केला. चढाच्या जागी त्यावर फुटाफुटावर ठोकळे, पुढचा ठोकळा मागच्यापेक्षा जरासा उंच, आणि त्या ठोकळ्यांवर प्लायची लांब पट्टी. पट्टीवर रूळ. बारा फुटांचा चढ, शेवटी पूल. काम काही अवघड नाही. सगळं त्या 'जरासा'वर.

काकांच्या डोक्यात चढ रेल्वेच्या भाषेत असायचा, शंभराला अमुक. पण ते मला कळायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी तो माझ्या मापात करून दिला. सुतारांचं माप, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. "फुटाले दोन सूत," म्हणाले. "याच्यावर नाई. जास्त चढवलं तं चाकं जाग्यावरच फिरतीन." आणि मला ऐकू कमी येतं की काय अशी माझ्या डोळ्यांपुढं दोन बोटं धरली. त्यातल्या एकाचं नख काळं पडलेलं. अजून दिसतात मला ती. दोन. मला कधीच शंका नव्हती — हे लक्षात ठेवा.

ठोकळे मी तिसऱ्या दिवशी कापले. आईचा फोन आला होता, बहिणीचं स्थळ मोडलं होतं. फोन खांद्यात दाबलेला आणि हातात करवत. निम्मे ठोकळे झाल्यावर ध्यानात आलं, तीन-तीन सुतांनी वाढतायत. थांबायला हवं होतं ना? लाकूड होतं, वेळ होता. पण मी म्हटलं, एका सुतानं काय जातंय? आमच्या धंद्यात एक सूत कुणाला दिसत नाही. भुसा आणि गोंद कालवून भरलं, वर सनमायका चिकटवला की झालं. तसेच उरलेले कापले. ठोकले.

पण चढाचं सूत भुशात मुरत नाही. ते पुढच्या ठोकळ्यावर बसतं.

गाडी लावली तेव्हा काकांनी स्वच्छ शर्ट घातला होता. काकू पदराला हात पुसत वर आल्या. गाडी सुटली, चढाला लागली, आणि मधोमध थांबली. इंजिनाची चाकं फिरतायत, गाडी जागची हलत नाही. मग हळूच मागं घसरायला लागली. काकूंना हसू आलं. "अवो, धक्का देवाले उतरा आता खाली!"

काकाही हसले. एक डबा कमी केला, दुसरा केला. मग टेप घेऊन वाकले. पूल ठरल्यापेक्षा दीड इंच वर निघाला होता. ठोकळे मोजले आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही हो. रागानं पाहिलं असतं तर निदान सांगायला काही असतं. "हे तीन सूत हाय. मी तं दोन म्हणलतो ना बे?"

'हो काका, चुकलं' — एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले असते, "मंग काप बे पुन्हा," आणि काकूंनी चहा टाकला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. तेव्हा भीतीचं नाव पुढं करू नये. भीती मला कायमच असते, दार वाजलं तरी असते. ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मी घाबरलेलो नव्हतो.

मी म्हणालो, "तीन म्हणालात काका. तीन बोटं दाखवलीत."

बोटांचं कुणी विचारलं होतं का? ते मी माझ्या पदरचं घातलं.

आणि याहून घाण पुढं आहे. त्याच्या आधी काही दिवस काका बाजारातून भाजीची पिशवी दुकानातच ठेवून आले होते. एकदा गॅसवर दूध विसरले. काकू सगळ्यांसमोर चिडवायच्या — "एखाद दिवशी मलेच इसरून यान कुठं." पण स्वयंपाकघरात, मी खिडकीच्या जाळीची चौकट दुरुस्त करत बसलो असताना, त्या वेगळंच बोलल्या होत्या. काकांच्या थोरल्या भावाला शेवटी स्वतःची पोरं ओळखू यायची नाहीत. "यायले तेच भेव हाय रे दत्ता. बोलत नाईत, पण रात्री उठून बसतात." घरचा समजून सांगितलं त्यांनी. लाकडात चीर कुठं आहे ते सुताराला दिसतं. पटाशी तिथंच टेकवली की जोर लावावा लागत नाही. मी तिथंच टेकवली.

काका हसतच राहिले, नुसत्या ओठांनी. मग त्यांनी स्वतःचा हात वर करून पाहिला. बोटं उघडली, मिटली. "असन," म्हणाले. जरा वेळानं पुन्हा, "असन बाप्पा." काकू जिना उतरून गेल्या. आणि काकांनी — त्यांनी — माझी माफी मागितली. "तुले डबल मेहनत पडली माह्यामुळं."

मी ठोकळे पुन्हा कापले. दोन सुतांचे. गाडी चार डबे घेऊन सरळ वर गेली, पुलावरून पार झाली. काका तिच्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते, बरोबर आहे ना म्हणून.

तिथून ते मला विचारायला लागले. दूधवाल्याला काय सांगितलं होतं, गोळी घेतली का, गेटला कुलूप लावलं का. "दत्ता, मी काय म्हणलतो?" आणि मला ते आवडायला लागलं. ऐका, आवडायला लागलं. नववी सोडलेल्या माणसाला घाटातून गाड्या काढलेला माणूस विचारतोय. मी लगेच उत्तर द्यायचो नाही. जरा थांबायचो, मोठ्या माणसासारखा घसा खाकरायचो. आज ते खाकरणं आठवलं की वाटतं स्वतःच्या तोंडावर थुंकावं.

काकू मला केळझरला घेऊन गेल्या, गणपतीला. देवळाच्या चढावर त्यांना दम लागला, मी हात धरला. गाभाऱ्यासमोर त्या मोठ्यानंच बोलल्या, "यायची याद शाबूत ठेव रे देवा, बाकी काई नाई मांगत." मग माझ्याकडं वळल्या. "तू बी सांग. तुयं ऐकन तो, तुयं मन साफ हाय." मी डोळे मिटले. काय मागितलं असेल मी? हे कुणाला कळू नये, हे मागितलं. बाहेर येऊन प्रसादाचा पेढा खाल्ला. तो कडू लागला असं लिहिता आलं असतं. गोड लागला. काकूंनी त्यांच्या वाट्याचाही मला दिला, तोही खाल्ला.

डॉक्टरांनी तपासलं. या वयात एवढं चालतं, काळजीचं काही नाही, म्हणाले. काकांनी मानलं नाही. "डॉक्टरले काय मालूम? तो काय तिथं होता?" तिथं मी होतो. मी तेव्हा त्यांच्या चपला सरळ लावत होतो. त्यांनी जुन्या ड्रायव्हर मित्रांत जाऊन बसणं सोडलं. तिथं चढांच्याच गप्पा असतात, आणि आपण काहीतरी चुकीचं बोलू अशी त्यांना धास्ती. स्कूटर सोडली. चावी मला दिली. मी त्याच स्कूटरवर कामाला जातो.

मागच्या रविवारी काकूंचे भाऊ-भावजय आर्वीहून आले. जेवणं झाल्यावर काका त्यांना वर घेऊन गेले, मलाही हाक मारली. गाडी सुरू केली. गाडी चढाला लागली तसे काका हसत हसत सांगायला लागले. हल्ली आलेल्या प्रत्येकाला सांगतात. "जिंदगीभर चढ काढले म्या, अन् या पोट्ट्याले तीन सूत सांगतलं! तीन! सांगतलं अन् इसरलो. थे तं यानं ध्यानात ठेवलं म्हणून."

"असं झालं होय," काकूंचे भाऊ म्हणाले.

"मंग! मले आता चांगलं याद हाय ना," काका म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. "अशी धरलती म्या याच्यासमोर."

तीन बोटं. मधल्याचं नख अजून काळं आहे.

गाडी पुलावर पोचली होती. काका माझ्याकडं वळले. "नाई का बे दत्ता?"

"हो काका," मी म्हणालो. "तीन."