लाल ठिपका नसलेला प्लग

व्हर्लिन शूप यांच्याशी मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "अहो, तिची बोटं सांभाळा!"

माझी टेसा तेव्हा अकरा वर्षांची होती आणि त्यांच्या छोट्या, रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा पंखा फिरवायला निघाली होती.

"दहा आहेत की तिला," ते शांतपणे म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी टेसाच्या हातात रबर लावलेली काठी दिली. "घे, या काठीनं फिरव. तुझ्या आईचा भोंगा वाजायला लागलाय."

आमच्या इंडियानात वादळ येताना गावचा भोंगा वाजतो. त्या दिवसापासून अशी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबात माझं नाव भोंगा पडलं. गावाबाहेर, सोयाबीनच्या शेतांमधल्या गवताच्या पट्टीवर आम्ही दर रविवारी जमायचो. टेसा मोठी होऊन ओरेगॉनला गेली, तरी मी जातच राहिले. तिच्याशी फोनवर बोलायला तेवढा एक विषय हक्काचा होता.

व्हर्लिननी अडतीस वर्षं गिअरच्या कारखान्यात लेथ चालवली. कारखाना बंद पडला, पण कान तसेच राहिले. कुणाचंही इंजिन अडलं की तो त्यांच्या टेबलाशी यायचा. या इंजिनांना ठिणगी लागत नाही. वर बसवलेल्या बोटाच्या पेराएवढ्या प्लगमध्ये तारेचं वेटोळं असतं. बॅटरी लावून ते लाल करायचं, इंजिन सुरू झालं की बॅटरी काढायची. पुढे ते जळत्या इंधनावर आपलं आपण तेवतं. प्लग दोन जातींचे, गरम आणि थंड. गरम प्लगची तार लवकर निवत नाही. नवखा माणूस हमखास एकच चूक करतो: थंडीच्या दिवसात थंड प्लग लावतो.

"गारठून आलेल्या पाहुण्याला तू लिंबू सरबत देतेस की कॉफी?" व्हर्लिन विचारायचे.

"कॉफी."

"मग इंजिनानं काय पाप केलंय?"

त्यांचे प्लग अंड्यांच्या खोक्यात असत. गरम प्लगवर त्यांच्या बायकोनं, नोरीननं, आपल्या नखांच्या लाल रंगाचा ठिपका लावलेला असे. विमानं दोघं मिळून करत. सांगाडा त्यांचा, पंखांवरचं पिवळं कापड तिचं. गेल्या मार्चमध्ये ती गेली. तिनं शेवटचं मढवलेलं विमान अजून उडालं नव्हतं. तिच्या वाढदिवशी, नोव्हेंबरच्या रविवारी, ते उडवायचं त्यांनी ठरवलं.

गवतावर दहिवर पांढरं पडलं होतं. मी गाडीतून उतरून म्हटलं, "टोपी घाला, हातमोजे—"

"पोरी," त्यांनी मला थांबवलं. आवाज चढलेला नव्हता. "आज नको. आज एक दिवस भोंगा बंद ठेव. आज नोरीन आहे आणि मी आहे."

मी कबूल केलं.

त्यांनी खोकं उघडलं. बोट या खाचेवरून त्या खाचेवर फिरत राहिलं. "आज थंडी आहे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि एक प्लग उचलला. त्याच्यावर ठिपका नव्हता.

मला वाटलं, यांना माहीत नसेल? चाळीस वर्षं याच चुकीवरून दुसऱ्यांना हसत आले. काहीतरी कारण असेल. इंजिन सुरू झालं. त्यांनी बॅटरी काढली आणि आवाज किंचित बसला. एरवी एवढ्यावर ते हात वर करून सगळं थांबवायचे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते विमानाकडे बघून हसत होते. मी ओठ घट्ट मिटले.

पूर्ण वेगात विमान सुरेख चढलं. पिवळे पंख उन्हात आले तेव्हा कुणीतरी टोपी काढली. मग त्यांनी आमच्या समोरून खालून, सावकाश न्यायचं म्हणून इंजिनाचा वेग कमी केला. तार निवली असणार. आवाज एकदम थांबला. विमान वळणावरच नाक खाली करून कापलेल्या सोयाबीनच्या खुंटांत गेलं.

आम्ही चालत गेलो. धावलं कुणीच नाही. व्हर्लिननी गुडघ्यांवर बसून पिवळ्या चिंध्या बाजूला केल्या, इंजिनातून प्लग काढला आणि उलटसुलट करून पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"थंड आहे हा," ते म्हणाले. "मी लावला?"

त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. "तू पाहिलं होतंस?"

"हो."

"मग वाजली का नाहीस?"

जन्मभर मी ज्याला त्याला 'जप, सांभाळ' सांगून वीट आणला. त्या सकाळी तेवढी शहाण्यासारखी वागले.

"तुम्हीच म्हणालात, आज भोंगा बंद ठेव."

"म्हणालो होतो का?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. चेहऱ्यावर भीती होती. विमानासाठी नव्हे, हे आता मला कळतं. त्यांनी तो प्लग माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली. "असू दे. पुढच्या वेळी मात्र ओरड हं, पोरी."

नोरीननं मढवलेलं दुसरं विमान आता उरलं नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं की तेही विसरले होते, हे मी विचारलं नाही.