कुंडम रोडवरची फियाट

भय्यासाहेब हर्षे बोलत तेव्हा घरात दुसरं कोणी बोलत नसे. सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, रिटायर झाले तरी तो आवाज घरी घेऊन आले. बायको त्या आवाजाखाली दबून लवकर गेली. मुलगा अनुपम नोकरीच्या निमित्ताने हैदराबादला निसटला. मागे राहिली दीप्ती, अनुपमची थोरली बहीण. विमा कंपनीत नोकरी, लग्न नाही. एकदा जमत आलं होतं. मुलाकडची मंडळी चहा घेत बसली असताना भय्यासाहेब म्हणाले, "पोरगी सरळ आहे, पण एक सांगून ठेवतो, हिच्या हातून कोणतंच काम धड होत नाही." मंडळींनी चहा संपवला आणि पुन्हा आली नाहीत.

त्यांची एक जुनी पांढरी फियाट होती. रविवारी ती स्वतः धूत. अनुपमला त्यांनी ती शाळेच्या वयातच चालवायला शिकवली. दीप्तीने हट्ट धरला तेव्हा एकदा बसू दिलं. मदनमहालच्या चढावर गाडी बंद पडली, मागे हॉर्न वाजू लागले. भय्यासाहेबांनी तिला खाली उतरवलं, स्वतः स्टीअरिंगवर बसले आणि तिला तिथेच सोडून गेले. ती चालत घरी आली तेव्हा बापलेक जेवायला बसले होते. "आली का पायलट?" एवढंच ते म्हणाले. अनुपम हसला.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. डोक्यात सगळं शाबूत होतं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा: चलो. पाणी हवं असलं तरी चलो, नको असलं तरी चलो, पाठ दुखली तरी चलो. सुरुवातीला ते स्वतःच त्या शब्दावर चिडायचे, डावी मूठ खुर्चीवर आपटायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, चेहरा बघून समजून घ्या. दीप्ती आठवड्याभरात शिकली. भुवई वर म्हणजे हो. ओठ आत ओढले म्हणजे नाही. ही भाषा तिच्याशिवाय कोणालाच येत नव्हती.

काही महिन्यांनी ती फियाट घेऊन गोहलपुरात इश्तियाकभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेली. गाडी धुराचे लोट सोडत पोचली.

"दीदी, इंजन गया," बॉनेट उघडून ते म्हणाले. "यही वाला बना दूँ? आरामसे चलेगी. साठ-सत्तर."

"और क्या लग सकता है?"

त्यांनी सांगितलं. एक जुनं डिझेल इंजिन पडून होतं. ओढायला दमदार, पण जड. गाडीचं नाक खाली दाबेल आणि नव्वदच्या पुढे नुसती ओरडेल. दुसरं एका जिप्सी जीपचं पेट्रोल इंजिन, तेराशे सीसीचं, पाच गिअरसकट. हलकं, जितकं फिरवाल तितकं फिरणारं.

"आपको पिकअप चाहिए कि टॉप स्पीड?"

"फरक काय?" तिच्या तोंडून मराठीच निघालं.

त्यांना समजलं. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चक्रांची जोडी कोणती निवडायची त्यावर ते आहे, ते म्हणाले. एका जोडीवर गाडी सिग्नलवरून झटकन उठते, पण लवकर दमते. दुसऱ्या जोडीवर उठताना सुस्त, चढावर कुरकुरणार, पण मोकळा रस्ता मिळाला की वाढतच जाते. "शहर में चलाना है तो पहली वाली लीजिए. अब्बा को घुमाना है ना?"

"हो, बाबांनाच फिरवायचं आहे," दीप्ती म्हणाली. "टॉप वाली लगाइए."

इश्तियाकभाईंनी वाकून पुढची चाकं पाहिली. मग म्हणाले, पुढे डिस्क ब्रेक लावल्याशिवाय गाडी देणार नाही. तिने होकार दिला. मरायचं तिला नव्हतंच.

गाडी आली त्या रविवारी सकाळी तिने भय्यासाहेबांना इस्त्रीचा शर्ट घातला, शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा आवळला. इंजिनाचा आवाज ऐकताच त्यांची मान वळली. आपल्या फियाटचा आवाज ते ओळखत होते. हा तो नव्हता.

कुंडमच्या रस्त्याला वस्ती मागे पडली, दोन्हीकडे सागवान सुरू झालं. पाचव्या गिअरमध्ये गाडी आधी रेंगाळली, मग हळूहळू सुटली. नव्वद. शंभर. दरवाजे थरथरू लागले, काचेच्या फटीतून वारा शिट्टी घालू लागला. भय्यासाहेबांनी डाव्या हाताने डॅशबोर्ड धरला. ओठ आत ओढले गेले होते.

"चलो!" ते ओरडले. "चलो! चलो!"

"चलो?" दीप्ती म्हणाली. "अच्छा बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

तिने पाय आणखी दाबला. एकशे वीसच्या पुढे काटा नुसता थडथडत होता. समोरून ट्रक आला, गेला, गाडी बाजूला हलली. भय्यासाहेबांच्या पायजम्यावर ओल पसरली. तिने ते पाहिलं आणि पुढचा ढाबा येईपर्यंत वेग कमी केला नाही.

त्यानंतर दर रविवारी. ती कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढायची तेव्हाच ते मान हलवू लागत. शेजारच्या सुखदाकाकू फाटकाशी उभ्या राहून म्हणायच्या, "किती करून राहिली गं बापासाठी! आजकाल कोण करते?"

"त्यांनाच हौस आहे, काकू. बघा ना, चलो चलो म्हणून राहिले."

दिवाळीला अनुपम आला. रविवारी मागच्या सीटवर बसला. सागवानात गाडी सुटली तसे भय्यासाहेब ओरडू लागले आणि आरशातून मुलाकडे बघू लागले. त्या डोळ्यांत काय होतं ते दीप्तीला स्वच्छ वाचता आलं. अनुपमने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. "वा बाबा! क्या बात है! दीदी, और भगा!"

भय्यासाहेबांनी डोळे मिटले. ओरडणं बंद केलं.

दीप्तीने पाय उचलला. दया आली असं नव्हे. इतके दिवस हे दोघांचंच होतं, आता अनुपम त्यात टाळ्या पिटत बसला होता.

"काहून थांबली?" तो म्हणाला. "त्यांना मजा येऊन राहिली होती."

परतल्यावर चहा पिता पिता त्याने विषय काढला. हैदराबादला जुन्या गाड्यांचा एक ग्रुप होता, फियाट तिकडे शोभली असती. "बाबा, गाडी मी नेऊ का?"

भय्यासाहेबांनी आधी दीप्तीकडे पाहिलं. सावकाश. मग भुवई वर केली. "चलो," ते म्हणाले आणि अनुपमच्या हातावर डावा हात ठेवला.

"थांब," दीप्ती म्हणाली. "त्या शब्दाचा अर्थ दरवेळी तसाच नसतो."

"म्हणजे? तूच तर सगळ्यांना सांगते की बाबांना गाडीत बसायचं असते, म्हणून चलो म्हणतात. मग ते खोटं का?"

दीप्तीने कप उचलून मोरीत नेले.

दोन दिवसांत गाडी ट्रेलरवर चढली. खिडकीशी बसवलेल्या भय्यासाहेबांचा अर्धा चेहरा हसत होता. अनुपम पाया पडून गेला. सुखदाकाकूंनी विचारलं, "आता रविवारी बिचारे काय करतील गं?"

संध्याकाळी दीप्तीने त्यांना चमच्याने चहा पाजायला घेतला. पहिला घोट त्यांनी तोंडात धरला आणि तिच्या मनगटावर ओघळू दिला. गिळता न येण्यातला तो ओघळ नव्हता. तिला फरक कळत होता. तिने मनगट पुसलं. उरलेला चहा मोरीत ओतला, त्यांची खुर्ची खिडकीपासून ओढून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि कुकर लावायला आत गेली.

ते अजून दोन हिवाळे जगले. औषधं वेळेवर मिळाली, बसून-पडून अंगावर एकही जखम झाली नाही. डॉक्टर इतर पेशंटांच्या नातेवाइकांना तिचं उदाहरण देत असत.