बाहीतली गोरी बाई

इस्पितळाच्या तळमजल्यावर कृत्रिम हातपाय तयार करायची कार्यशाळा होती. तिथे हातांना रूप देणाऱ्या बाईंना सगळे रंगताई म्हणत. हाताचा सांगाडा शेजारच्या खोलीत बने. त्यावर चढवायचं सिलिकॉनचं कातडं बाहेरून खोक्यातून येई, एकाच रंगाचं. त्यावर रंगताई नखं रंगवायची, शिरांच्या निळसर रेघा काढायची, पेरांवर सुरकुत्या उमटवायची. एकोणीस वर्षं तिने हेच केलं. काम इतकं सफाईदार, की साहेब पाहुण्यांना मुद्दाम तिच्या टेबलाशी आणत. पाहुणे आले की रंगताई स्वतःचे हात टेबलाखाली घ्यायची. सावळी म्हणून वेळ मारून न्यावी अशी ती नव्हती, काळी होती. लहानपणी घरी कोणी येणार असलं की आई तिची कोपरं वजरीने घासायची, पार सोलवटून निघेपर्यंत, आणि वर म्हणायची, "रडू नकोस, तुझ्याच भल्यासाठी करतेय."

एका सकाळी एक शाळामास्तरीण आली. अपघातात तिचा उजवा हात गेला होता आणि तीन महिन्यांपूर्वी इथूनच तिला नवा मिळाला होता. तो तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

"हा परत घ्या."

"बसत नाही का नीट?"

"बसतो की, अगदी मापात बसतो. पण हा माझा नाही हो, ताई. माझ्या बाहीतून दुसरंच कोणीतरी डोकावतंय असं वाटतं. धाकटी लेक जेवायला हल्ली माझ्या उजवीकडे बसतच नाही. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, 'आई, त्या बाजूला ती गोरी बाई असते.'"

रंगताईने मास्तरणीचा डावा हात पाहिला. रंगताईच्या स्वतःच्या हाताइतकाच काळा. टेबलावरचा तो गोरा हात तिनेच रंगवला होता, मापंही तिनेच घेतली होती, आणि तेव्हा तिला काही म्हणजे काही खटकलं नव्हतं.

"आत एक कागद आहे," मास्तरीण जाता जाता म्हणाली. "सवड झाली की वाचा."

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर रंगताईने हाताच्या पोकळीतून कागद ओढून काढला. डाव्या हाताने लिहिलेली अक्षरं वेडीवाकडी होती.

*खोक्यावर लिहिलंय: त्वचेचा रंग.*
*कोणाच्या त्वचेचा, ते लिहिलेलं नाही.*
*ज्यांचं नाव लिहावं लागत नाही, त्यांचाच असणार.*
*सगळे समान, हे मी दहा वर्षं शिकवते.*
*आता शिकवताना एक हात मागे लपवते.*

तिने मान वर केली. समोरच्या फळीवर चाळीसेक हात उभे होते. म्हाताऱ्यांचे, तरण्यांचे, बायकांचे, पुरुषांचे. पण सगळे एकाच माणसाचे. जणू ते माणूस एकोणीस वर्षं भिंतीपलीकडे उभं होतं आणि भिंतीतून हात बाहेर काढून तिच्याकडून नखं रंगवून घेत होतं. रंगताईच्या अंगावर सरसरून काटा आला.

का कोण जाणे, तिने मापाचं एक कातडं उचललं आणि आपल्या हातावर चढवलं. आरशासमोर उभी राहिली. गोरा हात हळूच वर आला, तिच्या गालाला लागला. गार होता. क्षणभर तिला तो आवडला, आणि आवडला म्हणूनच ती तो घाईघाईने काढायला गेली. तो निघेना. घामाने कातडं चिकटून बसलं होतं. ती ओढत राहिली, आणि तो हात तिच्या मनगटावर घट्ट बसून राहिला. शेवटी दातांनी धरून तिने तो उपसला.

मग ती तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, मला दुसरे रंग मागवून द्या. कातडी मीच रंगवते."

"अहो ताई, इतकी वर्षं कोणी तक्रार केली नाही."

"आज एक आली. दुसरी माझी." आणि तिने आपले दोन्ही हात साहेबांच्या टेबलावर ठेवले.

साहेबांनी त्या हातांकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "मागवतो. नेहमीचं काम मात्र अडता कामा नये."

पहिला प्रयत्न मातीसारखा झाला. दुसऱ्यात काळा जास्त पडला आणि हात प्रेतासारखा राखाडी दिसू लागला. तो तिने कापडात गुंडाळून ठेवला, बघवेना. अकरा दिवस ती स्वतःचा हात दिव्याखाली धरून बसली. जन्मभर लपवलेला हात तिने पहिल्यांदाच नीट पाहिला: पेरांवर गडद, बोटांच्या बेचक्यात तांबूस, तळव्यावर उजळ, आत कुठेतरी जांभळी झाक.

बाराव्या दिवशी सकाळी झाडायला आलेल्या मावशी किंचाळल्या. "अगं बाई! कोणाचा हात तुटून पडलाय इथे!"

फळीवरच्या चाळीस हातांखालून मावशी रोज झाडत असत. त्यांना कधी त्या दचकल्या नव्हत्या.

निरोप मिळताच आलेल्या मास्तरणीने तो हात चढवला, बाही खाली ओढली, आणि दोन्ही हात एकमेकांत गुंफले. निघताना रंगताईने तिला तिचा कागद परत दिला. पाठीमागे लिहिलं होतं: "कविता वाचली. तिच्यात हात लपवणारी एकच आहे. दोघी करा."

पुढे रंगताई आलेल्या प्रत्येकाचा रंग आधी नीट पाहून घेऊ लागली. एकदा एक म्हातारा पहारेकरी आला, तिच्याहून काळा. तिने त्याच्यासाठी जीव ओतून हात केला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि फळीकडे बोट दाखवलं.

"त्यातला द्या, ताई. जन्मात एक तरी हात गोरा असू दे."

ती त्याला खूप काही सांगणार होती. पण तिला आरशासमोरचा तो क्षण आठवला. फळीवरून मापाचा गोरा हात काढून तिने त्याच्या दंडाला बसवला, पट्टे आवळले.

"बरा दिसतो का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला बरा वाटतो ना? मग झालं," ती म्हणाली.

तो खूश होऊन गेला. गल्लीच्या टोकापर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. म्हातारा गर्दीत केव्हाच दिसेनासा झाला. तो हात मात्र कितीतरी वेळ दिसत होता, एकटाच पुढे पुढे जाताना.