दसऱ्याला निजणारी बाहुली

ये गं मीनल, अशी जवळ येऊन बस. कागदावरच बस म्हणते मी, कारण प्रत्यक्षात तू यायचं नावच घेत नाहीस. परवा भाजी आणताना मला बघून तू रस्ता ओलांडून पलीकडे गेलीस, तेही मी पाहिलं हो. गुडघे गेले असतील माझे, लांबचं अजून चांगलं दिसतं. काय बोलायचं सुचत नसेल म्हणून टाळतेस, कळतं मला. पण बोलायला सांगतंय कोण तुला? चहा प्यायला तरी माणसानं यावं. असो. आली नाहीस, म्हणून लिहून सांगते.

आमच्या धायरीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर तामिळ मामी राहतात. तू आणि माझी अनघा त्यांच्याकडे दक्षिणेकडचं गाणं शिकायला बसायचात, तेव्हा मी दारात मेथी निवडत बसलेली असायचे. त्या गाण्यांची मला मोठी गंमत वाटायची. एकेक गाणं म्हणजे एकेका देवळातली देवी. मदुरैची मीनाक्षी, कांचीची कामाक्षी, अशा कितीतरी. मामी गाणं शिकवायच्या आधी देऊळ शिकवायच्या. दार कुठल्या दिशेला, तळं कुठे, देवीच्या हातात काय. मी उंबऱ्यावर बसल्या बसल्या सगळी देवळं हिंडून यायचे. अनघाचा जीव मात्र नागपट्टणमच्या नीलायताक्षीवर. समुद्राकाठचं गाव, मोठ्या निळ्या डोळ्यांची देवी, आणि तिच्यावरचं ते नीलांबरी रागातलं गाणं. त्या रागात तिकडे आया लेकरांना निजवतात, असं मामी सांगायच्या.

नवरात्रात मामींकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. दसऱ्याला तिन्हीसांजेला त्यातली एक तांबड्या लाकडाची बाहुली आडवी निजवतात, अंगाईसारखं तेच नीलायताक्षीचं गाणं म्हणून. गाण्याशिवाय निजवायची नाही, असा त्यांचा रिवाज. हे गाणं दर वर्षी आपली अनघाच म्हणायची. आपल्याकडे दसऱ्याला घट उठवतात आणि त्यांच्याकडे देवीला निजवतात, याचं मला तेव्हा हसूच यायचं.

मग तिचं रक्ताचं दुखणं निघालं. मी तिला म्हटलं होतं, बरी झालीस की नागपट्टणमला नेते, त्या देवीसमोर बसून गा. शेवटी शेवटी औषधांच्या गुंगीत ती झोपूनच असायची. मी उशाशी बसून देवीपाशी एकच घोकायचे, आई, उठव गं हिला, एवढं एकदा उठव. नाही उठली ती. पुढचं तू पाहिलंच आहेस.

घरी आले ती आधी अनघाच्या नीलायताक्षीची तसबीर मी भिंतीकडे तोंड करून ठेवली. जिच्या गाण्यात एवढी माया, तिला एका आईचं ऐकू येऊ नये? वर्षश्राद्ध झालं, सण करायला आता कुणाची हरकत नव्हती, तरी यंदा मी घट बसवला नाही. दसऱ्याला सकाळी हे मंडईतून फुलं घेऊन आले. मी म्हटलं, कशाला आणलीत? तर म्हणाले, ‘‘भांडण तुझं देवीशी आहे. झेंडूनं काय घोडं मारलंय?’’ आणि स्वतःच दाराला तोरण बांधत बसले. पाठ माझ्याकडे केली होती, पण डोळे पुसताना मला दिसले.

संध्याकाळी खालून गाणं ऐकू येईल, ते मला सोसवणार नव्हतं. म्हणून दुपारीच हडपसरला बहिणीकडे जाते सांगून निघाले. स्वारगेटला उतरले, तर दसऱ्याची ही गर्दी. हडपसरची बस काही लागेना, रिक्षावाले थांबेनात. उभं राहून राहून पाय भरून आले आणि मी आले तशी माघारी फिरले. दिवेलागणीला जिना चढत होते, तर मामींचं दार उघडं आणि आत सगळं शांत. मामी बाहुली मांडीवर घेऊन एकट्याच बसलेल्या. सर्दीनं त्यांचा आवाज पार बसला होता. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘‘बरं झालं आलात. आता तुम्ही म्हणा.’’

‘‘मी? अहो मामी, मी कुठे शिकले गाणं?’’

‘‘इतकी वर्षं माझ्या दारात बसून नुसती मेथी निवडलीत का?’’ मामी म्हणाल्या. पुण्यात राहून टोमणे त्यांनाही येतात. मग हळूच म्हणाल्या, ‘‘नऊ रात्री जागलीय हो ती. दमली असेल.’’

तो शब्द कुठेतरी लागला मला. अनघाचा शेवटचा चेहरा आठवला. तीही किती दमली होती, आणि मी तिला उठ उठ म्हणून हाका मारत होते. मी बाहुली मांडीवर घेतली आणि तोंड उघडलं. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे, पण शब्द येत गेले. मधल्या एका ओळीपाशी मात्र अडले. पुन्हा मागून आले, पुन्हा तिथेच अडले. आता रडू फुटणार, एवढ्यात दारातून कुणीतरी ती ओळ उचलली. बारीक, स्वच्छ आवाज. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात मोबाईल, कामावरून थेट आलेली एक अनोळखी मुलगी चौकटीला टेकून गात होती. मी तिच्यामागून म्हणत गेले. गाणं संपलं, तेव्हा बाहुली मी आडवी केली होती आणि तिच्या कपाळावरून माझा हात फिरत होता. उठव म्हणत आले होते इतके दिवस. त्या संध्याकाळी पहिल्यांदा म्हटलं, नीज गं बाई, नीज आता.

मामींनी त्या मुलीला हळदीकुंकू लावलं, हातावर हरभऱ्याची उसळ ठेवली. ती मैत्रिणीकडे चालली होती, शेजारची इमारत समजून आमच्या जिन्यानं चढली. मी विचारलं, ‘‘कुठली गं तू?’’

‘‘नागपट्टणम,’’ म्हणाली. ‘‘हमारे मंदिर का गाना है, आंटी.’’ आणि उसळ खात खात जिना उतरून गेली.

देवीच आली होती, असं मी म्हणत नाही. देवी कशाला इमारत चुकेल? पण आम्हा मायलेकींचं तिच्या दारी जाणं राहून गेलं, तर तिथलं माणूस आमच्या जिन्यावर आलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. वर जाऊन तसबीर सुलटी केली आणि ह्यांनी ठेवलेला उरलेला झेंडू तिला वाहिला. दुःख आहे तिथेच आहे. मी त्या रात्री रडले, आजही रडते. पण उठवणं माझ्या हाती कधी नव्हतंच. नीट निजवणं तेवढं माझ्याकडे राहिलं होतं, आणि तेही एकटीनं जमलं नसतं. ते देवीनं करवून घेतलं, म्हणून हात जोडते.

तर मीनल, एक काम आहे तुझ्याकडे. ती मधली ओळ मला अजून येत नाही. ती मुलगी काही पुन्हा दिसली नाही, आणि सर्दी गेली तरी मामींचा आवाज आता पूर्वीचा नाही. अनघाबरोबर ते गाणं तूच शिकलीस ना? मग ये, आणि शिकव मला. मी दारात मेथी घेऊन बसलेलीच असेन. रस्ता ओलांडायचाच असेल तर या बाजूला ओलांड, बाळा. लवकर ये.